हट्टीची सोन्याची गार : जुन्या खड्ड्यांच्या मागावर

वाघोलीकडच्या दगडखाणीत सुरुंग उडाला की काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून पांढरे, लुकलुकणारे स्फटिक बाहेर पडतात. ते हातात घेतलं की "यात सोनं असेल का हो?" हा प्रश्न पुण्यात हमखास येतो. नसतं. आपला बेसाल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्याने झिओलाइट नावाची खनिजं आणि गारगोटी मागे ठेवली. पण सोनं वाहून आणणारं पाणी वेगळं असतं.

सोनं धरलेली गार, म्हणजे गारगोटी, बघायची तर मुठेचं पाणी जातं तिकडेच जायला हवं. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा रायचूर जिल्ह्यात कृष्णेला. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधल्या दुआबात, लिंगसुगूर तालुक्यात, हट्टी आहे. देशातली सोन्याची मोठी चालू खाण ती हीच.

इथला खडकही मुळात लाव्हाच, पण अडीच अब्ज वर्षांहून जुना. जमिनीत खोल गाडला जाऊन, दाबाने आणि उष्णतेने त्याचं रूप पालटलं. पुढे त्यात उत्तर-दक्षिण भेगांचे पट्टे पडले आणि खालून गरम पाणी वर चढलं. त्या पाण्यात गंधकाच्या आधाराने सोनं विरघळलेलं होतं. भेग उघडली की दाब एकदम उतरायचा आणि पाण्यात विरघळलेली सिलिका गारगोटी होऊन बसायची. शेजारच्या खडकातल्या लोहाने पाण्यातलं गंधक ओढून घेतलं, त्याचं पायराइट हे खनिज झालं; गंधकाचा आधार सुटला तसं सोनंही खाली बसलं. भेग मिटायची, पुन्हा उघडायची. असे थरावर थर चढून शीर, म्हणजे खडकातली गारेची पट्टी, तयार झाली. तरीही टनभर दगडामागे सोनं मिळतं ते काही ग्रॅम, आणि बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतही नाही.

म्हणूनच मला इथल्या जुन्या माणसांचं फार अप्रूप वाटतं. हट्टीला आधुनिक यंत्रं आली तेव्हा जवळजवळ 200 मीटर खोलीपर्यंतचे जुने खड्डे तिथे आधीच होते. त्यातल्या लाकडी टेकूंचं कार्बन-14 वय सुमारे 2000 वर्षं भरलं. दगडाला जाळ लावायचा, तापला की पाणी मारायचं, तडकला की फोडायचा, ही त्यांची रीत. पंप नाही, सुरुंग नाही, आणि इतक्या खोलवर धूर कोंडत असणार. त्यांतल्या एकाचंही नाव उरलेलं नाही.

नाव उरलं ते राजाचं, आणि तेही सोन्याच्याच शोधात सापडलं. 1915 साली बीडन हे खाण अभियंते या भागात फिरत असताना जवळच्या मस्कीला त्यांना एक शिलालेख दिसला. तोवर सापडलेल्या लेखांत 'देवानांप्रिय प्रियदर्शी' एवढंच असायचं. मस्कीच्या लेखात 'असोक' हे नाव स्पष्ट आलं. मौर्यांच्या दक्षिणेतल्या ठाण्याचं नाव होतं सुवर्णगिरी. ते याच टापूतलं कनकगिरी असावं, असं काही अभ्यासक मानतात.

कोलारचीही कथा अशीच. 1802 मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरन यांना गावकऱ्यांनी माती धुऊन सोनं काढून दाखवलं. 1880 नंतर जॉन टेलर कंपनीने तिथे काम धरलं. भरघोस शीर लागली ती जुन्या खड्ड्यांच्या तळाखाली. ती खाण 3 किलोमीटरच्या पुढे गेली, सुमारे 800 टन सोनं देऊन 2001 मध्ये बंद पडली. हट्टी निजामाच्या राज्यात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे काम झालं, मग थांबलं. 1947 मध्ये नवी कंपनी उभी राहिली आणि आजही ती शीर खोदली जाते आहे.

हट्टीच्या परिसरात उघड्या कातळावर उखळीसारखे गोल खळगे आहेत. गार त्यांत घालून, कुटून, पीठ करून पाण्यात धूत. खळग्यांच्या आतली बाजू घासून घासून गुळगुळीत झालेली आहे.