क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग

क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग हे जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू, आणि सापडतं कुठे तर फक्त पापुआ न्यू गिनीच्या ओरो प्रांतात, पोपोन्डेटाच्या आसपासच्या पावसाळी जंगलात. शास्त्रीय नाव ऑर्निथोप्टेरा अलेक्झांड्री. मादीचे पंख पसरले की २५ सेंटिमीटरच्या पुढे जातात, म्हणजे वीतभराहून जास्तच, आणि वजन १२ ग्रॅमपर्यंत भरतं. कूळ स्वॉलोटेलांचं, म्हणजे मागच्या पंखांना शेपटीसारखी टोकं असणाऱ्या फुलपाखरांचं, पण गंमत अशी की याला शेपटीच नाही, कुळाची खरी खूण बघायची तर अळी बघावी लागते, तिला डिवचलं की डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर येतो आणि वास मारायला लागतो.

नर-मादी शेजारी ठेवले तर एकाच जातीचे वाटणार नाहीत. नर आकाराने लहान, काळ्या पंखांवर झळाळता निळा-हिरवा रंग आणि पोट पिवळंधम्मक. मादी तपकिरी, वर फिकट पांढरे ठिपके-पट्टे, आणि पोट मळकट पिवळं.

शास्त्रज्ञांच्या हाती ही जात लागली १९०६ मध्ये. अल्बर्ट मीक हा ब्रिटिश संग्राहक लॉर्ड वॉल्टर रॉथशिल्डसाठी नमुने गोळा करत फिरायचा, त्याला पहिली मादी मिळाली ती चक्क बंदुकीने पाडून, कारण एवढ्या उंचावर जाळं पोचणार कसं? तो नमुना आजही लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. रॉथशिल्डने १९०७ मध्ये इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्राचं नाव दिलं.

याचं सगळं आयुष्य एका विषारी वेलावर लटकलेलं असतं. अ‍ॅरिस्टोलोकिया गटातल्या या वेलाच्या पानांवर मादी अंडी घालते, अळी बाहेर आली की आधी स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते, मग पानं, आणि वेलातलं विष अंगात साठवून स्वतःच बेचव होऊन बसते. अळी काळी, अंगावर लाल मांसल काटे आणि मधोमध फिकट पिवळसर पट्टा, खोगीर घातल्यासारखा. कोष करायच्या आधी ती वेलाची साल गोल कुरतडून टाकते, त्यामुळे एका अळीलासुद्धा भरपूर वेल लागतो. अंड्यापासून कोषापर्यंत साधारण सहा आठवडे, मग कोषात महिनाभर किंवा जास्त. फुलपाखरू पहाटे, हवा दमट असतानाच बाहेर येतं आणि पुढे तीनेक महिने जगतं.

१९५१ मध्ये माउंट लॅमिंग्टन ज्वालामुखी फुटला आणि याचं सुमारे २५० चौरस किलोमीटर जंगल गेलं. पण तो धक्का एकदाच बसला, पाम तेलाच्या लागवडीसाठी होणारी तोड मात्र चालूच राहिली, आणि माझ्या मते खरा घात तिथेच झालाय, फुलपाखरं पकडणाऱ्यांनी नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ही जात संकटग्रस्त आहे. सायटीस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे परदेशात व्यापारी विक्रीला बंदी आहे.

या बंदीवरून तज्ज्ञांमध्ये वाद आहे. त्याच देशात इतर काही बर्डविंग गावकरी बागेत वेल लावून वाढवतात आणि बुलोलोच्या सरकारी संस्थेमार्फत कायदेशीर विकतात, मग ज्याला सगळ्यात जास्त भाव येईल तेच का नको, असं काहींचं म्हणणं. पाम लावला की शेतकऱ्याच्या हातात पैसे येतात, वेल राखला तर या फुलपाखरापासून त्याला एक दमडीही मिळत नाही.