युनिटचा घोळ: 'लिमिटमध्ये' पिण्यामागची पार्श्वभूमी

"मी लिमिटमध्येच घेतो" असं आपल्याकडे प्रत्येक पिणारा सांगतो, पण लिमिट म्हणजे किती विचारलं की एक म्हणतो दोन पेग, दुसरा म्हणतो एक क्वार्टर (180 एमएलची बाटली), तिसरा म्हणतो बिअर धरायचीच नाही. हे कुठून आलं ते बघायला गेलं की गाडी एका शब्दावर अडते, युनिट.

फार जुनं थोडक्यात सांगतो. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याला ताडी आणि मोहाच्या दारूतून महसूल हवा होता, माणसाने किती प्यावी याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. 1949 ला मुंबई दारूबंदी कायदा आला (तोच आजही लागू आहे) आणि त्यातच तब्येत राखण्यासाठी दारू लागते अशांना परवाना द्यायची पळवाट ठेवली. परमिट रूममधलं परमिट ते हेच. आज एका दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी 5 रुपये, वर्षाचा 100, आयुष्यभराचा 1000, आणि शेवटचा कधी काढला हे ज्याने त्याने आठवावं.

आता या परवान्याच्या भाषेत एक युनिट म्हणजे व्हिस्की-रमची 750 एमएलची एक अख्खी बाटली, अर्थात एक खंबा. गुजरातही 1960 पर्यंत याच राज्यात होता, त्यामुळे तिथे आजही आरोग्य परवान्यावर वयाप्रमाणे महिन्याला 3 ते 5 युनिट मिळतात. आणि आपण इंटरनेटवर "आठवड्याला 14 युनिटच्या आत" असं वाचतो ते ब्रिटनचं युनिट, त्यात 10 एमएल शुद्ध अल्कोहोल. शब्द एकच आणि माप बघा, 42.8 टक्क्यांच्या एका खंब्यात 321 एमएल अल्कोहोल असतं, म्हणजे गुजरातचं एक युनिट झालं ब्रिटनची 32 युनिटं. ब्रिटनची 14 युनिटं म्हणजे 30 एमएलचे साधारण 11 पेग, महिन्याचे 47-48 धरा. दारूबंदी असलेल्या राज्याचा सगळ्यात कमी कोटा 3 खंबे, म्हणजे 75 पेग. तब्येतीसाठी!

ब्रिटनचा आकडा तरी कुठे दगडावरची रेघ होता? 1987 मध्ये तिथल्या डॉक्टर मंडळींनी आठवड्याला पुरुषांना 21 आणि बायकांना 14 असं ठरवलं, नंतर 2007 मध्ये त्या कमिटीतल्याच एकाने सांगून टाकलं की हातात धड पुरावा नव्हता, काहीतरी आकडा द्यायचा म्हणून दिला. मधे 1995 ला सरकारने आठवड्याचा हिशोब मोडून दिवसाचा केला, पुरुषांना रोज 3 ते 4, बायकांना 2 ते 3. कारण असं दिलं की लोक आठवडाभराचा कोटा शनिवारी एकदम संपवतात. पण रोजचे 4 धरले की आठवड्याचे 28 होतात, म्हणजे आवळायच्या नावाखाली लिमिट सैलच केलं, डॉक्टर तेव्हा भडकले होते आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. शेवटी 2016 ला दोघांनाही 14, तेही तीन किंवा जास्त दिवसांत वाटून. 2023 मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेकडून सांगण्यात आलं की तब्येतीला सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, मग थोडी रेड वाईन हार्टला चांगली म्हणणारे जरा गप्प झाले.

आपल्याकडे डॉक्टर 10 ग्रॅम अल्कोहोल म्हणजे एक ड्रिंक धरतात आणि तो बरोबर 30 एमएलचा पेग बसतो, त्यामुळे पेगवाल्यांचा हिशोब तसा सोपा आहे. घोळ बिअरवाल्यांचा. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 एमएलच्या बाटलीत 52 एमएल अल्कोहोल, म्हणजे चार पेग झाले, आणि "आज फक्त दोन बिअर" म्हणणारा आठ पेग लावून उठतो, क्वार्टरवाल्यापेक्षा दोन जास्त.

गाडी चालवण्याचं लिमिट अजून तिसरंच, 100 एमएल रक्तात 30 मिलिग्रॅम, त्याचा या युनिटांशी संबंध नाही. आणि घरी बसलं की ही सगळी मापं तशीही गळून पडतात, कारण बारमधला 30-60 चा तो छोटा स्टीलचा पेला घरी कुणाकडे नसतो, बाटलीचं बूच हेच माप आणि ओतणाऱ्याचा हात जड.