पाम स्प्रिंग्ज: कोणाच्या जमिनीवर कोणाचे शहर?

पाम स्प्रिंग्ज म्हटले की हॉलिवूडचे तारे, निळे जलतरण तलाव आणि सपाट छपरांचे बंगले डोळ्यांपुढे येतात. कॅलिफोर्नियातल्या या वाळवंटी शहराची कहाणी सहसा त्यांच्यापासूनच सांगितली जाते. माझ्या मते ती जमिनीपासून सांगायला हवी.

सान जॅसिंटो पर्वताच्या पायथ्याशी इथे गरम पाण्याचा झरा आहे. त्याच्या आसऱ्याने काविया आदिवासी पिढ्यान् पिढ्या राहत आले. डोंगरातल्या ओढ्यांचे पाणी चरांनी वळवून ते मका, भोपळा पिकवत. उन्हाळा चढला की गार दऱ्यांमध्ये मुक्काम हलवत. १८६३च्या सुमारास देवीच्या साथीने त्यांची मोठी हानी केली. पाठोपाठ रेल्वे आली. लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंची जमीन एकेक चौरस मैलाच्या तुकड्यांत आखून सरकारने विषम क्रमांकाचे तुकडे सदर्न पॅसिफिक कंपनीला दिले. आग्वा कालिएन्ते काविया जमातीसाठी १८७६-७७ मध्ये जमीन राखीव झाली तेव्हा तिच्या वाट्याला मुख्यतः सम क्रमांकाचे तुकडे आले. बुद्धिबळाच्या पटासारखी ही वाटणी शहराच्या नकाशावर आजही दिसते.

गोरे लोक इथे आधी आले ते कोरड्या हवेसाठी. जॉन मॅकॅलम यांनी १८८४ मध्ये क्षयाने आजारी असलेल्या मुलासाठी इथे बिऱ्हाड केले, कालवा काढला, फळबागा लावल्या. १८९३चा पूर आणि नंतरचा लांबलेला दुष्काळ यांनी त्या बुडवल्या. नेली कॉफमन यांनी १९०९ मध्ये ‘डेझर्ट इन’ सुरू केले, तेही आधी आरोग्यधाम म्हणूनच. पुढे लॉस एंजेलिसहून मोटारीने येणारे सिनेमावाले हिवाळ्यात इथे गर्दी करू लागले आणि १९३८ मध्ये गावाची रीतसर नगरपालिका झाली.

हॉटेलांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या कामगारांना मात्र शहरात इतरत्र घर मिळणे मुश्कील होते. ते ‘सेक्शन १४’मध्ये, म्हणजे त्या वाटणीतल्या चौदाव्या क्रमांकाच्या तुकड्यात, राहू लागले. गरम झरा असलेला, अगदी मध्यवस्तीतला हा तुकडा जमातीचा होता. पण केंद्रीय कायद्यामुळे आदिवासींना आपली जमीन फार थोड्या वर्षांच्याच भाड्यावर देता येई. अशा जमिनीवर पक्की इमारत बांधायला कोणी पैसा लावेना, म्हणून तिथे साधी, कच्ची घरे उभी राहिली.

ही कोंडी फोडली ती बायकांनी. १९५०च्या दशकात व्हायोला ऑर्टनर यांच्या नेतृत्वाखाली जमातीच्या मंडळावर सगळ्या स्त्रियाच होत्या. त्यांनी वॉशिंग्टनपर्यंत पाठपुरावा केला आणि १९५९ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याला परवानगी मिळाली. इतक्या छोट्या जमातीने मिळवलेले हे यश मला फार मोठे वाटते.

पण जमिनीचे मोल वाढताच तिच्यावर डोळे लागले. न्यायालयाने अनेक आदिवासी मालकांवर ‘पालक’ नेमले. प्रौढ माणसांना आपल्याच मालमत्तेचा व्यवहार करायला अक्षम ठरवले गेले आणि पालकांनी भरमसाट फी उकळली. त्याच काळात सेक्शन १४ रिकामे करण्यात आले. लोकांना हुसकावून घरे पाडली, जाळली. हे करण्यात नगरपालिकेची यंत्रणाच पुढे होती. १९६८ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने आपल्या अहवालात शहरावर अत्यंत कडक शब्दांत ठपका ठेवला. पालक नेमण्याची पद्धतही त्याच सुमारास मोडीत निघाली.

२०२१ मध्ये नगर परिषदेने माफी मागितली. घरे पाडली गेली त्या काळचे महापौर फ्रँक बोगर्ट यांचा पुतळा २०२२ मध्ये नगरपालिकेसमोरून हलवला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी रहिवासी आणि त्यांच्या वारसांसाठी ५९ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. सोबत घरे आणि छोट्या उद्योगांसाठीच्या योजनाही जाहीर झाल्या. घरे जळताना ज्यांनी पाहिली, त्यांतले अनेकजण तोवर हयात नव्हते.