आल्प्समधील स्की केंद्रांचा हिमअंदाज व बर्फाची स्थिती

आल्प्समधील स्की केंद्रांवर येत्या दिवसांत कोणत्या उंचीवर किती बर्फ पडेल हे सांगतो तो हिमअंदाज; आणि पडून गेलेला बर्फ आज कोणत्या अवस्थेत आहे हे सांगतो तो स्थितीचा अहवाल. अंदाज हवामानशास्त्रज्ञ देतात. अहवाल केंद्राचे कर्मचारी सकाळी उतारांवर जाऊन, पाहून-मोजून तयार करतात. वाचणाऱ्याची नजर बहुधा सेंटिमीटरच्या आकड्यावर जाऊन थांबते, पण आधी पाहायला हवा तो उंचीचा आकडा.

डोंगरात १०० मीटर वर गेले की हवा सरासरी ०.६५ अंश सेल्सिअसने गार होते. फ्रान्समधील शामोनी गाव १,०३५ मी. उंचीवर आहे आणि तेथून रज्जुमार्गाने गाठता येणारे एग्वी द्यु मिदी हे शिखर ३,८४२ मी. उंच आहे. या हिशेबाने दोन्ही ठिकाणच्या तापमानांत सुमारे १८ अंशांचे अंतर पडते. गावात पाऊस लागलेला असताना त्याच ढगातून शिखरावर कोरडा बर्फ पडत असतो. म्हणून अंदाजात शून्य अंशाची पातळी, म्हणजे ज्या उंचीवर हवेचे तापमान शून्य आहे ती उंची, दिलेली असते. बर्फाच्या पाकळ्या ही पातळी ओलांडताक्षणी वितळत नाहीत, त्यामुळे हिमरेषा, म्हणजे जिच्या वर पावसाऐवजी बर्फ पडतो ती उंची, साधारणपणे तिच्या २०० ते ३०० मी. खाली सापडते.

मात्र हे अंतर कायम नसते, आणि अंदाज सर्वाधिक चुकतात ते इथेच. एक ग्रॅम बर्फ वितळताना भोवतालच्या हवेतून सुमारे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. वर्षाव जोरदार, वारा पडलेला आणि दरी अरुंद असेल तर दरीतली हवा या शोषणानेच गार होत जाते आणि हिमरेषा काही तासांत शेकडो मीटर खाली उतरते. हा बदल गावातल्या रस्त्यावर उभे राहून पाहता येतो. पावसाच्या थेंबांत आधी पांढरट, चिकट ठिपके दिसू लागतात. बाहीवर पडले की त्यांचे लगेच पाणी होते. मग मोठाल्या ओल्या पाकळ्या येतात आणि थोड्याच वेळात गवताची टोके पांढरी होतात. याउलट बाहेरून उबदार हवा वाहत आली, तर अंदाजातील भरघोस बर्फाचा मध्यम उंचीवर पाऊस होतो.

सेंटिमीटरचा आकडाही तापमानाशिवाय वाचता येत नाही. ढोबळ नियम असा, की १ मिमी. पाण्यापासून १ सेंमी. ताजा बर्फ होतो. कडाक्याच्या थंडीत तेवढ्याच पाण्याचा १.५ ते २ सेंमी. हलका थर बसतो, तर शून्याच्या आसपास एक सेंटिमीटरही भरत नाही. म्हणून २० सेंमी. आणि २० सेंमी. यांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. कोरडा बर्फ मुठीत दाबला तर गोळा होत नाही, बोटांतून पिठासारखा सांडतो. ओल्याचा गोळा चटकन वळतो. स्की करणारे ज्याची वाट पाहतात तो पहिला.

वाऱ्याची दिशा कोणत्या खोऱ्याच्या वाट्याला काय येणार ते ठरवते. वायव्येचे ढग आल्प्सच्या उत्तर बाजूला अडतात आणि ऑस्ट्रियातील आर्लबर्गसारख्या भागात मनसोक्त बर्फ टाकतात. दक्षिणेला इटलीच्या किनाऱ्यालगत जिनोआच्या आखातावर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की पारडे दक्षिण उतारांकडे झुकते. दक्षिणेची हवा मुख्य रांग ओलांडून उत्तरेच्या दऱ्यांत उतरते तेव्हा दर १०० मीटरला जवळपास एका अंशाने तापते. हाच फॉन वारा. एका रात्रीत तो खालच्या उतारांची रया घालवतो.

संगणकावर अंदाज काढणारी जागतिक हवामान प्रारूपे पृथ्वीची सुमारे ९ किमी. बाजूच्या चौकटींत विभागणी करतात, अशा चौकटीत एखादे अरुंद खोरे आणि त्यावरचे शिखर एकाच सपाट चौकोनात मिसळून जातात. स्वित्झर्लंडची राष्ट्रीय हवामान संस्था त्यासाठी १ किमी. चौकटीचे प्रारूप चालवते. तरीही चार-पाच दिवसांपुढचा एकच नेमका आकडा विश्वासाने धरू नये. मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजांचे युरोपीय केंद्र (ईसीएमडब्ल्यूएफ) हवामानाच्या एकाच सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून ५१ अंदाज काढते. ते एकमेकांजवळ असतील तर भरवसा ठेवावा. विखुरलेले असतील तर फक्त शक्यता समजावी.

ताजा बर्फ मोजण्याची रीत साधी आहे. एका आडव्या फळीवर चोवीस तासांत साचलेला थर पट्टीने मोजतात आणि फळी झाडून पुन्हा ठेवतात. दावोसजवळ वाइसफ्लूयोख येथे २,५३६ मी. उंचीवरच्या क्षेत्रात १९३६ पासून बर्फाची मोजणी होत आहे. रोजचे आकडे मिळवून एकूण जाडी काढू नये, कारण बर्फ स्वतःच्या भाराने बसत जातो. अहवालात पायथ्याची आणि माथ्याची जाडी वेगळी दिलेली असते, पण ती मोजणीच्या जागेपुरतीच खरी. वारा एका बाजूचा बर्फ खरवडून दुसऱ्या बाजूच्या आडोशाला रचतो.

जाडी भरपूर असूनही पृष्ठभाग वाईट असू शकतो. वसंतात दिवसा मऊ झालेला बर्फ निरभ्र रात्री टणक गोठतो. सकाळी उन्हाने वरचा पातळ थर सैल झाला की तासा-दोन तासांची उत्तम घसरण मिळते. ढगाळ रात्री उष्णता निसटत नाही आणि पहाटेपासूनच सगळे ओलसर राहते. कृत्रिम बर्फासाठी हवेच्या तापमानाबरोबर आर्द्रताही पाहतात: ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापी उणे २.५ अंशांच्या आसपास किंवा खाली असावा लागतो, म्हणून कोरड्या हवेत शून्याजवळही यंत्रे चालतात.

हिमस्खलनाच्या धोक्याची पाच पायऱ्यांची श्रेणी युरोपात १९९३ पासून समान आहे. ती पायरीगणिक सारखी वाढत नाही, झपाट्याने चढते. तिसरी पायरी मधली म्हणून बेताची समजली जाते, पण स्वित्झर्लंडमधील हिमस्खलनाचे सुमारे निम्मे बळी याच पायरीच्या दिवसांत जातात. ताजा बर्फ, वारा आणि ३० अंशांहून तीव्र उतार एकत्र आले, की ज्या आकड्याने स्की करणारा हरखतो तोच आकडा धोक्याचा ठरतो. दीर्घ हिमवर्षावानंतर २३ फेब्रुवारी १९९९ रोजी ऑस्ट्रियातील गाल्ट्यूर गावावर कोसळलेल्या हिमलोटाने ३१ जणांचे प्राण घेतले. श्रेणीचा इशारा आखलेल्या मार्गांबाहेरच्या मोकळ्या डोंगराला लागू असतो. मार्गांची सुरक्षा केंद्राचे कर्मचारी रोज तपासतात आणि धोका वाटल्यास ते बंद ठेवतात.