येशूची मूळ शिकवण आणि ख्रिस्ती धर्म

येशू ख्रिस्ताने (इ. स. पू. सु. ४ – इ. स. सु. ३०) गालील व यरुशलेम येथे केलेला उपदेश आणि त्याच्या नावाने उभा राहिलेला धर्म यांच्यातील संबंधाचा प्रश्न. प्रेषितांकडून आलेला वारसा अखंड असून नंतरचे सिद्धांत हा त्याचाच विस्तार होय, अशी चर्चची पारंपरिक भूमिका आहे. जर्मन अभ्यासक हेर्मान रायमारुस (१६९४–१७६८) यांनी येशूचा हेतू आणि शिष्यांचा हेतू भिन्न मानला. त्यांच्या हस्तलिखितातील काही भाग जर्मन लेखक लेसिंग यांनी लेखकाचे नाव न देता १७७४–७८ या काळात प्रसिद्ध केले. आधुनिक वाद तेथून सुरू होतो.

साधने : येशूने स्वतः काहीही लिहून ठेवले नाही. त्याची बोली अरामी होती, तर चारही शुभवर्तमाने (येशूचे जीवन व उपदेश सांगणारे बायबलच्या नव्या करारातील ग्रंथ) ग्रीकमध्ये आहेत. ज्यूंखेरीज इतरांत धर्मप्रसार करणारा प्रेषित पौल याची पत्रे (सु. ५०–६०) सर्वांत जुनी, पण त्यांत येशूची वचने मोजकीच. मार्कचे शुभवर्तमान इ. स. ७०च्या आसपासचे, मत्तय व लूक यांची त्यानंतर दहावीस वर्षांनी आणि योहानाचे पहिल्या शतकाच्या अखेरचे, असा क्रम सामान्यतः धरला जातो. मत्तय व लूक यांनी मार्कचा आधार घेतला, हे बहुतेकांना मान्य आहे. खरी अडचण आहे ती मार्कमध्ये नसलेल्या, पण या दोघांत कधी शब्दशः जुळणाऱ्या मजकुराची. हा मजकूर वचनांच्या एका हरवलेल्या संग्रहातून आला असावा, असे ख्रिस्तिआन व्हाइसे यांनी १८३८ मध्ये सुचविले. या संग्रहाला पुढे ‘क्यू’ हे नाव मिळाले. त्याचे एकही हस्तलिखित उपलब्ध नाही. १९४५ मध्ये नाग हम्मादी (ईजिप्त) येथे थोमाच्या शुभवर्तमानाची कॉप्टिक प्रत सापडली. तिच्यात ११४ वचने आहेत, क्रूस किंवा पुनरुत्थान यांची कथा नाही. त्यामुळे केवळ वचनांचा संग्रह हा प्रकार प्रचलित होता एवढे दिसले. थोमाच्या काळाविषयी मात्र मतभेद आहेत. लूकने मत्तय वाचला होता असे धरले, की क्यूची गरजच उरत नाही, असा ऑस्टिन फॅरर यांचा आक्षेप (१९५५) अद्याप निकालात निघालेला नाही. १९८७ मध्ये जॉन क्लॉपेनबॉर्ग यांनी क्यूमध्येच बोधवचनांचा आधीचा आणि न्यायनिवाड्याच्या इशाऱ्यांचा नंतरचा, असे थर दाखविले. हाती नसलेल्या ग्रंथाचे थर कितपत विश्वासाने लावता येतील, हा प्रश्न राहतोच. शिवाय ग्रंथातील नंतरचा थर म्हणजे येशूनंतरची शिकवण, असा अर्थ त्यातून निघत नाही.

शिकवणीचा गाभा : ‘देवाचे राज्य जवळ आले आहे’ ही घोषणा येशूची असल्याबद्दल फारसा वाद नाही, ते राज्य कसले, यावर आहे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ आडोल्फ फोन हारनाक (१९००) यांनी देवाचे पितृत्व आणि मानवी आत्म्याचे मोल यांवर भर दिला. येशू युगान्ताची वाट पाहणारा ज्यू संदेष्टा होता, हे आल्बर्ट श्वाइट्झर यांचे मत (१९०६), ई. पी. सँडर्स यांनी ज्यू संदर्भाच्या आधारे केलेल्या मांडणीनंतर, अधिक ग्राह्य वाटते.

शिकवण कशी बदलत गेली, हे घटस्फोटाच्या प्रश्नावरून दिसते. मार्कमध्ये (१०:११) निषेध विनाअट आहे. पौल तोच निषेध ‘मी नव्हे, तर प्रभू’ असे म्हणून सांगतो (१ करिंथ ७:१०). लगेच पुढे, विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून जात असेल तर जाऊ द्यावे, अशी सवलत स्वतःच्या अधिकारात देतो. मत्तयात (५:३२, १९:९) जारकर्माचा अपवाद येतो. म्हणजे तडजोडीची सुरुवात नव्या करारातच झालेली आहे. आज कॅथलिक चर्च विवाह अविच्छेद्य मानते, पण तो मुळातच अवैध होता असे ठरवू शकते; ऑर्थोडॉक्स चर्च पुनर्विवाहास मर्यादित परवानगी देते; बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ घटस्फोट मान्य करतात. शपथ घेऊ नये हा आदेश (मत्तय ५:३४) मेनोनाइट व क्वेकर अक्षरशः पाळतात, इतर बहुतेक पंथ पाळत नाहीत.

स्थित्यंतरे : येशूचे कार्य प्रामुख्याने ज्यूंमध्ये होते. यरुशलेमच्या बैठकीत (सु. ४८–५०) परराष्ट्रीयांवर (ज्यू नसलेल्यांवर) सुंतेची सक्ती करू नये असे ठरले, आणि धर्माचा पाया बदलला. नायसीआ परिषदेने (३२५) पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे घोषित केले. ही परिभाषा बायबलमधील नाही. तथापि येशूचे देवत्व चौथ्या शतकात कल्पिले गेले, हा लोकप्रिय समज टिकत नाही. पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र पहिल्या शतकाच्या मध्याचे असून, येशूला देवस्वरूप म्हणणारे त्यातील स्तोत्र (२:६–११) त्या पत्राच्याही आधीचे असावे, असे अनेकजण मानतात. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननंतर शस्त्रधारणेविषयीचा पूर्वीचा संकोच मागे पडला आणि ऑगस्टीनने न्याय्य युद्धाचा विचार मांडला.

येशूने राज्याची घोषणा केली आणि आले ते चर्च, हे फ्रेंच कॅथलिक अभ्यासक आल्फ्रेद ल्वाझी यांचे विधान (१९०२) उपरोधाने उद्धृत केले जाते. हारनाक यांना उत्तर देताना चर्चची अपरिहार्यता दाखविणे हा त्यांचा उद्देश होता. १९०८ मध्ये चर्चने त्यांनाच बहिष्कृत केले.

याउलट, मोशेचे (ज्यूंचे) नियमशास्त्र पुढेही पाळणारे एबिओनी हा ज्यू-ख्रिस्ती पंथ. त्याची माहिती आयरेनेअस, एपिफेनिअस इ. विरोधकांच्या लेखनातूनच मिळते. यरुशलेममधील येशूचा भाऊ याकोब (मृ. ६२) याच्या मंडळीशी त्याचा थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल.