पट्ट्यावरची सुशी आणि अनलिमिटेड सुशी: गल्लत कुठे होते?

सुशी म्हणजे भात आणि बहुधा कच्चा मासा यांचा जपानी पदार्थ. ठरावीक रकमेत ती हवी तितकी देणाऱ्या ‘अनलिमिटेड’ दुकानांबद्दल मत विचारलं की दोन टोकांची उत्तरं येतात. कुणी म्हणतं, पैसे वसूल करायला याहून चांगली जागा नाही. कुणी म्हणतं, मासा नावाला आणि भातच फार. थोडं खोदून विचारलं की बऱ्याचदा कळतं, दोघं एकाच प्रकारच्या दुकानाबद्दल बोलतच नाहीत. एक जण सुशीच्या बश्या फिरवणाऱ्या पट्ट्यासमोर बसला होता, दुसरा माणशी ठरावीक रक्कम भरून पोटभर जेवून आला होता. दोन्हीकडे सुशी त्या मानाने स्वस्त, दोन्हीकडे टेबलावर बश्यांची चळत, म्हणून ही गल्लत होते. पण या दोन दुकानांचा हिशेब एकमेकांच्या अगदी उलट चालतो आणि बशीत काय येतं, हे त्या हिशेबावरच ठरतं.

आधी पट्टा. योशिआकी शिराईशी यांचं हिगाशी-ओसाकात सुशीचं छोटं दुकान होतं. थोड्या माणसांत जास्त गिऱ्हाइकं कशी सांभाळायची, ही त्यांची अडचण. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना उपाय सुचला आणि १९५८ मध्ये त्यांनी फिरत्या सुशीचं पहिलं दुकान उघडलं. पट्ट्याचा वेग ठरला सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर. याहून हळू फिरवला तर गिऱ्हाईक ताटकळतं, जोरात फिरवला तर बशी उचलताना धांदल उडते. १९७०च्या ओसाका जागतिक प्रदर्शनानंतर ही पद्धत जपानभर पसरली. इथे प्रत्येक बशीला किंमत असते, अनेक ठिकाणी ती बशीच्या रंगावरून कळते आणि शेवटी रिकाम्या बश्या मोजून बिल होतं.

त्याच १९५८ साली तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने स्कँडिनेव्हियन पद्धत पाहून ठरावीक रकमेत हवं तितकं खाण्याचा बुफे सुरू केला. म्हणजे जपानात दोन्ही कल्पना एकाच वयाच्या, पण जन्मल्या वेगवेगळ्या घरांत. ठरावीक रकमेची कल्पना सुशीला जोडली गेल्यावर ती अमेरिका आणि कॅनडात चांगलीच रुजली.

आता मुद्द्याचं. पट्ट्याच्या दुकानाला तुम्ही आणखी एक बशी खावी असं वाटतं, कारण प्रत्येक बशीवर त्याची कमाई आहे. कुरा सुशी या साखळीत रिकाम्या बश्या टेबलालगतच्या फटीत सरकवायच्या असतात. पाच बश्या झाल्या की पडद्यावर एक छोटा खेळ सुरू होतो आणि नशीब असेल तर लहानसं बक्षीस पडतं. चार बश्यांवर थांबलेलं पोर पाचवीसाठी हट्ट धरतं, ते यामुळेच. अनलिमिटेडच्या दुकानात तुम्ही रक्कम मान्य करून बसलेले असता. त्यानंतरची प्रत्येक बशी हा दुकानाचा खर्च. म्हणून दीड-दोन तासांची मर्यादा, ताटात उरलेल्या तुकड्यांचे वेगळे पैसे, साशिमीला (भाताशिवायच्या कच्च्या माशाच्या कापांना) माणशी ठरावीक तुकडे. सुरुवातीला सूप, तळलेले पदार्थ, नूडल्स पुढे येतात तेही त्याच कारणाने. यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. रक्कम एकदा बांधली की दुकानाला दुसरा मार्गच उरत नाही.

हा हिशेब सगळ्यात स्पष्ट दिसतो तो भातात. चांगल्या निगिरीचा, म्हणजे भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेल्या सुशीचा, भात कोमट असतो, हाताने जेमतेम आवळलेला, तोंडात गेल्यावर दाणा दाणा सुटतो, आणि मासा त्याच्या दोन्ही टोकांवरून खाली उतरलेला असतो. अनलिमिटेडमध्ये अनेकदा उलट चित्र दिसतं: गार, घट्ट विटेसारखा भात आणि त्यावर पलीकडचं दिसेल इतका पातळ काप. पोट भरतं ते भाताने. लॉस एंजेलिसमध्ये २०११ साली एका मधुमेही गिऱ्हाइकाने भात बाजूला काढून नुसता मासा खाल्ला, दुकानदाराने हरकत घेतली आणि प्रकरण कोर्टात गेलं. दुकानदाराचं म्हणणं होतं की भात हा सुशीचाच भाग आहे. मला ते पटतं. ती रक्कम भात धरूनच ठरलेली असते.

अनलिमिटेडला नावं ठेवणारे मात्र एक मोठा फरक विसरतात. मांडून ठेवलेला बुफे वेगळा आणि ऑर्डर घेऊन करून देणारं दुकान वेगळं. बुफेत तासभर पडलेल्या रोलची, म्हणजे भाताच्या गुंडाळीची, नोरी (समुद्री शेवाळाचा पापुद्रा) चिवट होते, दातांनी ओढून तोडावी लागते, आणि भाताच्या कडा वाळतात. ऑर्डरवर केलेला रोल त्याच रकमेत कुरकुरीत मिळू शकतो. माझ्या मते खरी चांगल्या-वाईटाची रेघ इथे आहे. गर्दीच्या दुकानात मासा पटापट खपतो, म्हणून अनलिमिटेड म्हणजे शिळं हा समजही सरसकट खरा नाही. मासा गोठवलेला होता ही तक्रारही फुकाची. परजीवी मरावेत म्हणून कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर सात दिवस ठेवावा, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनच सांगतं.

एका बाबतीत मात्र मी सावध राहायला सांगेन. अमेरिकेत मेनूवर ‘व्हाइट ट्यूना’ दिसला, तर तो बहुधा ट्यूना नसून एस्कोलार नावाचा तेलकट मासा असतो. समुद्ररक्षणासाठी काम करणाऱ्या ओशियाना या संस्थेच्या २०१३ च्या अहवालात ‘व्हाइट ट्यूना’च्या नमुन्यांपैकी ८४ टक्के तसेच निघाले. एस्कोलारमधलं मेणासारखं तेल पचत नाही, जास्त खाल्लं तर जुलाब होतात. जपानने त्याच्या विक्रीवर १९७७ पासून बंदी घातली आहे. दोन तुकडे खाणाऱ्याला कदाचित काही होणार नाही. पण हवा तितका मिळतो म्हणून दहा-बारा तुकडे खाल्ले, तर त्रास व्हायची शक्यता बरीच.

वेगवेगळे मासे थोडे थोडे चाखायचे असतील तर पट्टा बरा. नावडलं तर नुकसान एका बशीचं. रोल आवडणारी, भुकेली पोरं बरोबर असतील तर ऑर्डरवर देणारं अनलिमिटेड बरं, निदान बिलाची धास्ती नाही. नुसत्या माशासाठी जायचं असेल तर तिथे जाऊ नये.

आता दुकानात शिरल्या शिरल्या फरक ओळखणं अवघड होत चाललं आहे. २०२३ मध्ये जपानमधल्या पट्ट्याच्या एका दुकानात गिऱ्हाइकाने सॉयसॉसची बाटली चाटल्याचा व्हिडिओ पसरला. त्यानंतर अनेक दुकानांनी मोकळ्या बश्या फिरवणं कमी केलं. पडद्यावर ऑर्डर द्यायची आणि बशी थेट टेबलापाशी येऊन थांबते. अनलिमिटेडच्या दुकानातही बऱ्याचदा टॅब्लेटच हातात देतात. तेव्हा पट्टा शोधू नका, मेनू बघा: किंमत बशीपुढे लिहिली आहे की माणशी?