जागा वाढल्या म्हणजे चांगल्या शाळा वाढल्या का?

व्हाउचर काय असते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. सरकार शाळेला पैसे देण्याऐवजी मुलामागे देते आणि पालक हवी ती खासगी शाळा निवडतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955मध्ये ही कल्पना मांडली. त्यात मी शिरत नाही. मला खटकते ते पुढचे वाक्य, जे प्रत्येक चर्चेत ठरल्यासारखे येते: ‘निवड दिली की चांगल्या शाळा आपोआप वाढतील.’ खासगी शाळांतल्या जागा वाढणे वेगळे आणि चांगल्या शाळा वाढणे वेगळे. पहिल्याचा आकडा दाखवून दुसरे सिद्ध होत नाही.

जागा वाढतात, त्याबद्दल वाद नाही. चिलीने 1981मध्ये मुलामागे अनुदान सुरू केले, नफ्यावर चालणाऱ्या शाळांनाही ते मिळू लागले, आणि पुढे निम्म्याहून अधिक मुले अनुदानित खासगी शाळांत गेली. स्वीडनमध्ये 1992नंतर अशा शाळा भराभर निघाल्या. त्यांतली जेबी एज्युकेशन ही मोठी साखळी 2013मध्ये दिवाळखोरीत गेली आणि हजारो विद्यार्थ्यांची शाळा बदलली किंवा नव्या चालकांच्या हाती गेली.

गाडी अडते ती चांगल्या शाळांपाशी. नवा पैसा आला की सर्वांत आधी कोण पुढे येते? ज्या शाळेचे बाक रिकामे आहेत ती. नावाजलेल्या शाळेचा पट भरलेलाच असतो, वर प्रतीक्षायादी. तिला तुकडी वाढवायची तर खोल्या बांधाव्या लागतात, आणि मुलामागची वार्षिक रक्कम सहसा रोजच्या खर्चाच्या हिशेबाने ठरलेली असते, बांधकामाच्या नाही. कर्ज काढावे, तर सरकार बदलल्यावर योजना टिकेल याची खात्री नाही. इमारत झालीच, तरी शाळा ज्यांच्यामुळे चांगली आहे ते मुख्याध्यापक आणि शिक्षक आणखी कुठून आणायचे? शिवाय यांतल्या बऱ्याच शाळा नफ्यासाठी चालत नाहीत. त्यांना लहानच राहायचे असते. मागणी वाढली की कारखान्यासारखी शाळाही वाढेल, अशी उपमा देणारे हे सगळे सोडून देतात, म्हणून ती उपमा मला मुळीच मान्य नाही. भरलेल्या शाळेला फी वाढवणे मात्र सोपे जाते.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचे उदाहरण नीट पाहा. 2012मध्ये तिथली व्हाउचर योजना राज्यभर लागू झाली. शाळांसाठी अटी तीन होत्या: व्हाउचरची रक्कम हीच पूर्ण फी, प्रवेश सोडतीने, आणि या मुलांनी राज्याची परीक्षा द्यायची. राज्यातल्या एक तृतीयांशाहूनही कमी खासगी शाळा आल्या. ज्या आल्या, त्यांची फी तुलनेने कमी होती आणि पट आधीपासूनच घसरत होता. सोडतीत नंबर लागलेली मुले पहिल्या वर्षी गणितात, नंबर न लागलेल्यांपेक्षा बरीच मागे पडली. अटींमुळे चांगल्या शाळा लांब राहिल्या, असे काही अभ्यासक म्हणतात. मला तरी सोडतीची अट सोडावीशी वाटत नाही. ती काढली तर शाळाच मुले निवडू लागतात, आणि पालकांच्या निवडीला काही अर्थ उरत नाही. वाढवायची तर रक्कम वाढवावी. चिलीने 2008मध्ये गरीब मुलांमागे जादा अनुदान देताना त्यांच्याकडून फी न घेण्याची अट घातली, तो मार्ग मला जास्त पटतो.

तेव्हा ‘इतक्या मुलांनी व्हाउचर घेतले’ हा आकडा पुढे आला की मी एकच विचारते: योजनेआधी ज्या शाळांपुढे प्रतीक्षायादी होती, त्यांतल्या किती शाळांनी नवी तुकडी काढली?